मलावी : एक समुद्रहीन देश

आफ्रिकाखंडाच्या नकाशावर आग्नेय दिशेस बोटाच्या पेराएवढा एक उभा निळा पट्टा दिसतो. त्या पट्ट्याच्या पश्चिम कांठास चिकटून दक्षिणेकडे शेपटासारखा उतरलेला जो चिंचोळा देश आहे त्याचें नांव मलावी. १९६४ पर्यंत तो न्यासालँड या नांवानें ओळखला जात असे. आमच्या पुष्कळ वाचकांस हें नांव अपरिचित असेल. परंतु त्यांच्या स्वयंपाकघरांतील डाळीच्या डब्यास तें तितकेंसें अपरिचित नाहीं. गेल्या कित्येक वर्षांत आपल्याकडे जी तूर बाहेरून येते, तींतील कांहीं वांटा या देशाच्या शेतांतला असतो. पंक्तींत भाताच्या मुदीवर पहिलें पडणारें हें पिवळें वरण कोठून आलें याची चौकशी जेवणारा करीत नाहीं, व त्यास तसें कारणहि नसतें. आम्हांस मात्र एका स्नेह्यांच्या आग्रहावरून त्या देशीं तीन आठवडे राहण्याचा योग आला, आणि तेथें जें पाहिलें-ऐकिलें त्यांतील थोडें वाचकांस सादर करावें असें वाटलें.

आम्ही गेलों तो आषाढ-श्रावणाचा संधिकाल होता. मुंबईस पावसानें झोडपून काढलें होतें. तिकडे कोरड्या थंडीचे दिवस. विषुववृत्ताच्या दक्षिणेस असल्यामुळें तेथील ऋतुचक्र आपल्या उलट चालतें. पाऊस कार्तिकांत सुरू होतो तो चैत्रांत संपतो. मुंबईहून अदिस अबाबामार्गें विमानानें ब्लँटायर शहर गांठावें लागतें. जहाजानें तेथें जातां येत नाहीं, कारण देशास एकहि बंदर नाहीं. ईशान्येस टांझानिया, पश्चिमेस झांबिया, आणि उरलेल्या बहुतेक सर्व बाजूंनीं मोझांबिकचा वेढा अशी त्याची स्थिति आहे. क्षेत्रफळ सुमारें १,१८,००० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडें अधिक. त्यांतहि पांचवा भाग पाण्याखालीं. २०१८ च्या शिरगणतींत लोकसंख्या पावणेदोन कोटि भरली होती; आतां ती दोन कोटींच्या पुढें गेली आहे. खाणारीं तोंडें पुष्कळ व जमीन थोडी, ही गोष्ट गाडींतून जातांनाच ध्यानांत येते. डोंगराच्या उभ्या उतारावरहि मक्याचे वाफे ओढलेले दिसतात, आणि रान मात्र फार विरळ झालें आहे. कोळशासाठीं झाडें तुटत आहेत.

ब्लँटायरहून राजधानी लिलाँग्वेकडे जाणारा हमरस्ता न्चेऊ व देझा या गांवांच्या आसपास कित्येक किलोमीटर अगदीं सरहद्दीवरून जातो. उजव्या हाताचें दुकान मलावींत आणि डाव्या हाताचें मोझांबिकांत! मध्यें कुंपण नाहीं, पहारा नाहीं. दोन्ही बाजूंस तेच लोक, तीच भाषा, बटाट्यांच्या त्याच राशी. ही रेघ १८९१ सालीं इंग्रज व पोर्तुगीज यांनीं आपसांत तह करून ओढली. ओढतांना समुद्र पोर्तुगीजांच्या बाजूस राहिला. पुढें जें जें कांहीं या देशाच्या वाट्यास आलें त्याचें निम्मेंअधिक कारण त्या रेघेंत आहे असें आमचें मत झालें.

परंतु आधीं त्या निळ्या पट्ट्याविषयीं सांगितलें पाहिजे. पृथ्वीच्या पाठीस फार प्राचीन काळीं जी प्रचंड भेग पडली, तींत सांचलेलें हें पाणी. लांबी सुमारें ५८० किलोमीटर, रुंदी जास्तींत जास्त ७५ च्या आसपास. पाण्याचा पृष्ठभाग समुद्रसपाटीपासून सुमारें ४७५ मीटर उंचीवर आहे आणि खोली ७०० मीटर. म्हणजे सरोवराचा तळ समुद्राच्या पातळीहूनहि दोनशें मीटर खालीं जातो. समुद्र ज्यास लाभला नाहीं त्या देशाचा पाया समुद्राहून खोल असावा, हा सृष्टीचा विनोदच म्हणावयाचा. स्कॉटिश प्रवासी लिव्हिंग्स्टन हा १८५९ सालीं येथें पोंचला. त्यानें ‘न्यासा सरोवर’ हें नांव रूढ केलें. ‘न्यासा’ या शब्दाचा तेथील भाषेंतला अर्थच मुळीं सरोवर, त्यामुळें हें नांव ‘सरोवर सरोवर’ असें झालें.

केप मॅक्लिअर या गांवीं आम्ही दोन दिवस होतों. किनाऱ्यावर गोरखचिंचेचीं थोराड झाडें आहेत. आपल्याकडे कोंकणांत व खानदेशांत हीं झाडें क्वचित् दिसतात तीं आफ्रिकेंतूनच आलेलीं. त्यांचें माहेर पाहून ओळखीचें माणूस भेटल्यासारखें झालें. सकाळीं बायका गुडघाभर पाण्यांत उभ्या राहून वाळूनें भांडीं घांशीत असतात, त्यांच्या आसपास पोरें डुंबत असतात, आणि काळ्या लांकडाच्या, एकाच ओंडक्यांतून कोरलेल्या होड्या मासे घेऊन परत येत असतात. बोरूच्या लांबच लांब मांडवांवर ‘उसिपा’ नांवाचे बारीक मासे वाळत घातलेले होते. आम्ही पडलों शाकाहारी. तो वास आम्हांस सहन होईना. परंतु आमच्या सोबतचे मालवणचे एक गृहस्थ क्षणभर डोळे मिटून उभे राहिले, व “घरीं आलों” एवढेंच म्हणाले! या सरोवरांत माशांच्या सातशेंहून अधिक जाति आहेत व त्यांतील बहुतेक जगांत इतरत्र कोठेंहि सांपडत नाहींत. पुष्कळ जातींची मादी आपलीं अंडीं व पिलें तोंडांत धरून वाढविते. ‘चांबो’ नांवाचा जो मासा लोक आवडीनें खातात, तो मात्र बेसुमार मासेमारीनें दुर्मिळ होत चालला आहे. १९८४ सालीं येथील किनाऱ्याचा कांहीं भाग जागतिक वारसा म्हणून संरक्षित झाला.

लोक अत्यंत मर्यादशील. रस्त्यांत अनोळखी मनुष्य भेटला तरी “मुलि ब्वांजि?” म्हणजे “कसें आहां?” असें विचारल्याशिवाय कोणी पुढें जात नाहीं, आणि उत्तरादाखल उलट तुमची विचारपूस होतेच. घाईंत असलेल्या मुंबईकरास हें प्रथम जड जातें. वडील स्त्रीस ‘अमायी’ म्हणतात. आपल्या ‘माय’शीं या शब्दाचें नातें नसेल, पण कानास तसें वाटतें खरें. मुख्य अन्न म्हणजे मक्याच्या पांढऱ्या पिठाची घट्ट उकड. तिला ‘न्सिमा’ म्हणतात. जेवणापूर्वीं घरांतील लहान मूल तांब्या व घंगाळ घेऊन प्रत्येकाच्या हातावर पाणी घालतें, मग उजव्या हातानें उकडीचा गोळा करून भाजीबरोबर खावयाचा. आपल्याकडील वृद्ध मंडळीस या पंक्तींत नांवें ठेवण्यासारखें फारसें कांहीं मिळालें नसतें, अर्थात् ताटांत काय आहे याची चौकशी न केली तर.

मध्य व दक्षिण भागांतील च्येवा आणि याओ या लोकांमध्यें वंश आईकडून चालतो. लग्न झाल्यावर नवरा बायकोच्या गांवीं राहावयास जातो. जमीन तिच्या घराण्याची. मुलांवर खरा अधिकार बापाचा नव्हे, मामाचा. घरजांवई हा शब्द आपल्याकडे उपहासानें वापरतात. तेथें ती सर्वसाधारण रीत आहे. उलट उत्तरेकडील तुंबुका लोकांत बापाचाच वंश, व वधूसाठीं गुरें द्यावयाचीं. न्गोनी लोकांचे पूर्वज दक्षिणेंतील झुलूंच्या लढायांमुळें देशोधडीस लागले, व १८३५ सालीं खग्रास सूर्यग्रहणाच्या दिवशीं झांबेझी नदी उतरून इकडे आले. ग्रहणामुळें त्यांच्या प्रवासाची तिथि इतिहासांत कायमची नोंदली गेली. याओ बहुतांशीं मुसलमान आहेत, आणि किनाऱ्यावरील अरबांशीं त्यांचा व्यापार फार जुना. त्या व्यापारांतली सर्वांत मोठी जिन्नस, सांगावयास दुःख होतें, माणूस ही होती.

सरोवराच्या पश्चिम कांठीं न्खोताकोता म्हणून गांव आहे. गेल्याच्या मागल्या शतकांत येथून गुलामांचे तांडे गलबतांनीं पलीकडे नेत, व तेथून पायीं किल्वा बंदरास आणि पुढें झांजीबारास विकत. समुद्रावर इंग्रजांच्या आरमारानें अशा ज्या कांहीं नौका पकडल्या, त्यांतून सुटलेलीं पुष्कळ मुलें मुंबईस उतरविलीं गेलीं, आणि त्यांतील कित्येकांस नाशिकजवळ शरणपूर येथील मिशनच्या आश्रमांत ठेवून सुतारकाम, लोहारकाम व लिहिणें-वाचणें शिकविण्यांत आलें. नाशकास शरणपूर रस्त्यानें आमच्या वाचकांपैकीं कित्येक शेंकडों वेळां गेले असतील. तेथें या सरोवराकांठचीं मुलें राहिलीं होतीं हें थोड्यांसच ठाऊक असेल. १८६१ सालीं लिव्हिंग्स्टन व त्याच्या सोबतच्या पाद्र्यांनीं शिरे नदीच्या डोंगराळ प्रदेशांत एक तांडा सोडविला. त्यांत चुमा नांवाचा एक याओ मुलगा होता. १८६४ सालीं लिव्हिंग्स्टन स्वतःची लहानशी आगबोट हांकीत झांजीबारहून मुंबईस आला, तेव्हां चुमा व विकतानी या दोन मुलांस त्यानें डॉक्टर जॉन विल्सन यांच्या शाळेंत ठेविलें. हे विल्सन म्हणजे ज्यांच्या नांवाचें कॉलेज चौपाटीसमोर उभें आहे तेच. १८६६ च्या जानेवारींत त्याची शेवटची सफर मुंबईहूनच निघाली. बरोबर हे दोघे आणि नाशिकच्या आश्रमांतील नऊ मुलें होतीं. सरोवराच्या दक्षिण टोंकास पोंचल्यावर विकतानीस आपले आप्त भेटले व तो तेथेंच राहिला. चुमा मात्र अखेरपर्यंत राहिला. १८७३ सालीं आजच्या झांबियांत लिव्हिंग्स्टन मरण पावला, तेव्हां चुमा व त्याचे सोबती यांनीं त्याचें प्रेत सुमारें सोळाशें किलोमीटर वाहून समुद्रापर्यंत आणलें. मृत्युस्थळीं प्रार्थना म्हणणारा व झाडाच्या खोडावर नांव-तारीख कोरणारा जेकब वेनराइट हा नाशिकचाच विद्यार्थी, आणि जातीनें याओ. पुढल्या वर्षीं लंडनांत अंत्यविधीच्या वेळीं शवपेटिकेस हात लावणाऱ्यांत तोहि होता. इतिहासाच्या पुस्तकांत साहेबाचें चरित्र सविस्तर येतें. या मुलांचें कोणी लिहावें असें आम्हांस मनापासून वाटतें, आणि तें नाशिककरानेंच लिहावें.

१८९१ सालीं इंग्रजांनीं येथें संरक्षित राज्य स्थापिलें तें हिंदुस्थानांतून नेलेल्या शीख शिपायांच्या बळावर. मागोमाग गुजराथी व्यापारी आले. १९७० च्या दशकांत त्यांस खेडीं सोडून मोजक्या शहरांतच दुकानें ठेवण्याची सक्ति झाली. तरी धान्याच्या व्यापारांत आजहि त्यांचा हात मोठा आहे. स्वातंत्र्य ६ जुलै १९६४ रोजीं मिळालें. पहिले सत्ताधीश डॉक्टर हेस्टिंग्ज बांडा यांनीं पुढें स्वतःस आजन्म अध्यक्ष करून घेतलें, तें आजन्मत्व १९९४ च्या निवडणुकींत संपलें. आणखी एक गोष्ट या लहान देशाच्या लौकिकास शोभणारी आहे : २०१९ ची अध्यक्षीय निवडणूक तेथील न्यायालयानें गैरप्रकारांमुळें २०२० सालीं रद्द ठरविली, आणि पुन्हां घेतलेल्या निवडणुकींत विरोधी पक्ष निवडून आला. भल्याभल्या देशांत असें घडत नाहीं.

चलनाचें नांव ‘क्वाचा’, म्हणजे पहांट. आणि त्याचा शंभरावा भाग ‘तांबाला’, म्हणजे कोंबडा. शंभर कोंबडे आरवले म्हणजे एकदां उजाडतें! स्वातंत्र्याच्या चळवळींतली ही घोषणा नाण्यांवर आली. परंतु नोव्हेंबर २०२३ मध्यें सरकारास या पहांटेची किंमत एकाच दिवशीं ४४ टक्क्यांनीं उतरवावी लागली. कारण सरळ आहे. तेल, खत, औषधें सर्व बाहेरून आणावयाचें, व त्याची किंमत डॉलरांत चुकवावयाची. डॉलर मिळवून देणारीं पिकें मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीं. त्यांत तंबाखू पहिली. दरवर्षीं वसंतापासून लिलाँग्वे, लिंबे वगैरे ठिकाणीं तिचे मोठे लिलांव होतात. जगांत धूम्रपान कमी व्हावें अशी आपण सर्वच इच्छा करतों. तें कमी झालें तर मलावीचा शेतकरी काय विकील, या प्रश्नाचें उत्तर अद्याप कोणी दिलेलें नाहीं. त्याच्या खालोखाल चहा व साखर. थ्योलो व मुलांजे येथील चहाचे मळे पाहून निलगिरीची आठवण होते. मुलांजे पर्वत सपाट रानांतून एकदम उठतो, व त्याचें सापित्वा शिखर ३,००० मीटरांहून थोडें उंच आहे.

आतां या मालास समुद्रापर्यंत न्यावयाचें तर दुसऱ्याच्या अंगणांतून जावें लागतें. दोन रेल्वेमार्ग आहेत, एक बैरा बंदरास व एक नाकाला बंदरास जाणारा. दोन्ही बंदरें मोझांबिकचीं. १९८० नंतर मोझांबिकांतली यादवी भडकली, पूल उडविले गेले, आणि त्या दशकाच्या मध्यास दोन्ही मार्ग बंद पडले. मलावीचा माल तेव्हां वळसा घेऊन थेट दक्षिण आफ्रिकेंतील दरबान बंदरास मालमोटारींनीं जाऊं लागला. ज्या वस्तूची किंमत मुळांत थोडी, तिच्यावर भाडें तिच्याहून अधिक बसूं लागलें. त्याच काळांत मोझांबिकांतून जीव घेऊन पळालेल्या सुमारें दहा लक्ष लोकांस या दरिद्री देशानें आश्रय दिला होता, हेंहि सांगितलें पाहिजे.

दक्षिण टोंकास न्सांजे येथें शिरे नदीवर एक धक्का आम्हीं पाहिला. शिरे ही सरोवरांतून निघून झांबेझीस मिळते व झांबेझी समुद्रास. तेव्हां नदीवाटेनेंच समुद्र गांठावा अशी कल्पना निघाली. अंतर २३८ किलोमीटर. ऑक्टोबर २०१० मध्यें शेजारच्या देशांच्या अध्यक्षांस बोलावून थाटानें उद्घाटन झालें. पण पहिलीच मालनौका मोझांबिकनें परवानगी नाहीं म्हणून अडविली. धक्का तसाच उभा आहे. आम्ही गेलों तेव्हां त्यावर शेळ्या ऊन खात होत्या. उलट मोझांबिकच्या खाणींतला दगडी कोळसा नाकाला बंदरास जातो तो मलावीच्या भूमीवरून टाकलेल्या रुळांनीं! लांबच लांब गाड्या धडधडत जातात आणि फाटकापाशीं सायकली धरून लोक त्या मोजीत उभे असतात.

ब्लँटायर व झोंबा यांच्या मध्यें चिराद्झुलू जिल्हा आहे. जॉन चिलेंब्वे या धर्मोपदेशकानें १९१५ सालीं गोऱ्या मळेवाल्यांविरुद्ध जो उठाव केला, तो याच प्रदेशांत. त्यांत तो मारला गेला. आज त्याचें चित्र नोटांवर आहे. या जिल्ह्यांत आम्हीं तुरीचीं शेतें पाहिलीं. बहुतेक कुटुंबांची शेती एका हेक्टराच्या आंतली. मार्गशीर्षाच्या सुमारास मका पेरतात आणि त्यांत तुरीचे पाटे टाकतात, अगदीं मराठवाड्यांत कापसांत टाकतात तसे. मका काढून झाल्यावर तूर वर उठते, जमिनींत उरलेल्या ओलीवर फुलते, आणि आपल्याकडे श्रावण-भाद्रपद चालू असतां तेथें तिची कापणी होते. तुऱ्हाट्या चुलीस जातात. तेथील भाषेंत तुरीस ‘नांदोलो’ म्हणतात. हिरव्या शेंगांचे सोले उकडून न्सिमाबरोबर खातात. डाळ करून वरण करण्याची चाल खेड्यांत नाहीं. तूर मूळची आपल्याकडची, असें वनस्पतिशास्त्रज्ञ सांगतात. फार पूर्वीं ती समुद्र ओलांडून गेली, व आतां पोत्यांतून परत येते.

या परत येण्याची कथा अशी. २०१५ च्या अखेरीस आपल्याकडे दुष्काळानें तूरडाळ दोनशें रुपये किलोवर गेली होती, हें गृहिणी विसरल्या नसतील. तेव्हां आफ्रिकेंतल्या शेतकऱ्यांस अधिक तूर पेरण्याचें उत्तेजन मिळालें. पुढल्याच वर्षीं इकडे पाऊस उत्तम झाला, तूर उदंड पिकली. सरकारचा आधारभाव ५,०५० रुपये क्विंटल. लातूरच्या बाजारांत तोहि मिळेना, आणि खरेदीकेंद्रांपुढें गाड्यांच्या रांगा लागल्या. आमच्या आप्तांपैकीं दोघे त्या रांगांत उभे होते. अशा स्थितींत ऑगस्ट २०१७ मध्यें दिल्लीहून बाहेरच्या तुरीवर मर्यादा घातली गेली. आपल्या शेतकऱ्याच्या दृष्टीनें तें योग्यच होतें. परंतु महिना पाहावा : ज्या आठवड्यांत तो हुकूम निघाला, त्याच आठवड्यांत चिराद्झुलूस कापणी चालू होती. पेरणी नऊ महिन्यांपूर्वींची. पेरणाऱ्यास उलट फिरण्याची सोय नव्हती, आणि देशांत दुसरें गिऱ्हाईक नव्हतें. भाव कोसळले; कित्येकांनीं पीक शेतांतच सोडलें. पुढें २०२१ मध्यें दोन्ही सरकारांचा करार झाला, कीं मलावींतून पांच वर्षें दरसाल ५०,००० टन तूर घ्यावी. तो उशीरां सुचला, पण चांगला सुचला. बंदर नसणाऱ्या देशास निदान अशी लेखी खात्री तरी पाहिजे. आमच्या मतें हुकूम काढावयाचा तर तो तेथील पेरणीपूर्वीं, म्हणजे दिवाळीच्या आंत काढावा. त्यांत आपल्या शेतकऱ्याचें कांहीं जात नाहीं.

एका शेतांत पन्नाशीची एक अमायी काठीनें शेंगा झोडपीत होती. जमीन तिच्या आजीपासून आलेली. गांवच्या शाळेचे शिक्षक दुभाष्याचें काम करीत होते. आम्ही हिंदुस्थानांतले, हें कळतांच तिनें काठी खालीं ठेविली, पदरासारखें गुंडाळलेलें वस्त्र सांवरलें, आमची व घरच्यांची रीतसर विचारपूस केली, आणि मग विचारलें, “तुमच्याकडे यंदा पाऊस कसा आहे?”

प्रथम आम्हांस हा प्रश्न केवळ शिष्टाचाराचा वाटला. शिक्षक म्हणाले, “तसें नव्हे. गांवांत प्रत्येकजण हेंच विचारतो. तुमच्याकडे पाऊस बरा झाला तर इकडे दलाल उशीरां येतो.”

मराठवाड्यांत त्या वेळीं पाऊस चांगला होता. घरून तसें कळलें होतें, व त्यानें आम्हांस आनंदच झाला होता. आम्हीं तें खरें तेंच सांगितलें. तिनें मान डोलाविली, “चांगलें झालें, तुमचीं माणसें सुखी राहोत” अशा अर्थाचें कांहींतरी म्हटलें, आणि शिक्षकाशीं आपल्या भाषेंत हळू आवाजांत बराच वेळ बोलली. काय बोलणें झालें असें आम्हीं वाटेंत विचारलें. तूर आत्तां विकावी कीं ठेवावी, हा विचार चालला होता. तिचीं चार पोतीं होतात. दोन लगेच विकून मुलीच्या शाळेची फी भरावी, आणि दोन पौष-माघापर्यंत ठेवावीं, असें ठरलें. त्या महिन्यांत नवा मका यावयाचा असतो, जुना संपलेला असतो, आणि गांवांत पुष्कळ घरीं दिवसांतून एकदांच चूल पेटते. भाव नाहींच आला तर तूर उकडून खातां येते. तंबाखू खातां येत नाहीं, असें शिक्षक म्हणाले.

दुसऱ्या दिवशीं लिंबे येथें एका व्यापाऱ्याच्या वखारींत डाळीचीं पोतीं मालमोटारींत चढत होतीं. गाडी मोझांबिकांतून नाकालास जाणार, तेथून जहाजानें न्हावाशेव्यास. सरहद्दीवर किती दिवस थांबावें लागेल, असें आम्हीं चालकास विचारलें. तो हंसला, आणि पाठीमागच्या बांकाखालून मक्याच्या पिठाची पिशवी व लहानसें पातेलें काढून त्यानें आम्हांस दाखविलें.